चर्चेची भाषा

पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात निमगाव केतकी हे गाव आहे. विड्याच्या पानांसाठी या गावाचा लौकिक आहे. पानमळ्याचे काम मोठ्या निगुतीचे असते. शेवरीसारख्या झाडाच्या आधाराने वेल वर चढवावा लागतो. तो फार उंच गेला की खाली उतरवून पुन्हा मातीत पुरावा लागतो. वेलाला ओलावा तर सतत हवा. परंतु मुळाशी पाणी साचून राहिले की ‘मर’ रोग बळावतो आणि हिरवागार मळा पाहता पाहता वाळून जातो. मग घरच्या माणसांचे वर्षाचे कष्ट वाया जातात.

पानवेलीची लागवड बंगालमध्ये होते, ओडिशात होते, तमिळनाडूतही होते. तिच्या रोगांवर ठिकठिकाणच्या शास्त्रज्ञांनी संशोधन केले आहे व त्यातील बरेचसे इंग्रजीत लिहिलेले आहे. आता अशी कल्पना करावी की, या रोगाचा विचार करण्यासाठी एक सभा भरली आणि तिचे सर्व काम केवळ इंग्रजीतूनच चालेल, असा नियम तिने केला. त्या सभेला निमगावचा एक पानमळेकरीही आला. पहिला पिवळा वेल मळ्याच्या कोणत्या कोपऱ्यात दिसला, त्याआधी पाणी किती दिले होते, जमिनीचा उतार कोणत्या बाजूला होता, हे सारे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. परंतु इंग्रजी येत नसल्यामुळे तो मागच्या रांगेत मुकाट्याने बसून राहील. सभेत सांगितलेला उपाय त्याला समजणार नाही आणि त्याने पाहिलेली गोष्ट सभेला कळणार नाही. नुकसान दोन्ही बाजूंचे होईल.

चर्चा केवळ इंग्रजीतूनच व्हावी, असे म्हणणाऱ्यांचा पक्ष अगदीच पोकळ आहे, असे मात्र नाही. तमिळ शास्त्रज्ञ आणि बंगाली शास्त्रज्ञ एकत्र बसले, तर दोघांना समजेल अशी एखादी भाषा लागतेच. जगातील नवे ज्ञान इंग्रजीत फार मोठ्या प्रमाणावर उपलब्ध आहे. म्हणून इंग्रजी शिकावी, उत्तम शिकावी, याविषयी दुमत नाही. आक्षेप आहे तो ‘केवळ’ या शब्दावर.

हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. तेराव्या शतकात तो संस्कृतविषयी होता. महानुभाव पंथातील केसोबास हे संस्कृतचे मोठे पंडित होते. त्यांनी संस्कृतात ग्रंथरचना चालविली, तेव्हा पंथाचे आचार्य नागदेव यांनी त्यांना थांबविले. पंथातील साध्या म्हाताऱ्या बायकांना संस्कृत कळत नाही, त्या ज्ञानाला मुकतील, ही त्यांची चिंता होती. संस्कृत भाषा हीन आहे, असे नागदेवांचे म्हणणे नव्हते. ज्यांच्यासाठी ज्ञान आहे, त्यांच्यापर्यंत ते पोहोचले पाहिजे, एवढाच त्यांचा आग्रह होता.

पुढे इंग्रजी राज्य आले, तेव्हा हाच प्रश्न बाळशास्त्री जांभेकरांपुढे उभा राहिला. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी मुंबईत ‘दर्पण’ हे वृत्तपत्र सुरू केले. त्या वेळी त्यांचे वय अवघे वीस वर्षांच्या आसपास होते. ‘दर्पणा’च्या पानावर दोन स्तंभ असत : एक मराठीचा व दुसरा इंग्रजीचा. बाळशास्त्री इंग्रजीत पारंगत होते. मनात आणते, तर केवळ इंग्रजीत पत्र काढणे त्यांना कठीण नव्हते. परंतु राज्यकर्त्यांना लोकांचे मनोगत कळावे आणि लोकांनाही जगातील घडामोडी व नवी विद्या आपल्या भाषेत कळावी, अशा दोन्ही गोष्टी त्या दोन स्तंभांमुळे साधत होत्या. एका भाषेसाठी दुसरीला दाराबाहेर उभे करण्याची गरज त्यांना भासली नाही.

मराठीत शास्त्रीय शब्द नाहीत, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. परंतु शब्द हे वापराने घडतात व वापरानेच रुळतात. महाराष्ट्र राज्य १९६० साली स्थापन झाले आणि त्याच वर्षी भाषा संचालनालय निघाले. त्याने निरनिराळ्या शास्त्रांचे परिभाषा कोश तयार केले. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम झाले व त्यात विज्ञानाचे विषय मराठीतून मांडले गेले. एखादा शब्द मराठीत सहज सापडला नाही, तर इंग्रजी शब्द तसाच घ्यावा. टेबल, पेन, डॉक्टर हे शब्द आपण घेतलेच आहेत. चार शब्द उसने आणावे लागतात, म्हणून सगळी भाषाच टाकून देणे शहाणपणाचे नव्हे.

शिवाय, गहन विषय मराठीला पेलत नाहीत, असे म्हणणाऱ्याने आषाढी वारीच्या दिवसांत निमगाव केतकीला यावे. संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा तेथे मुक्काम असतो. जीव म्हणजे काय, ईश्वर कोठे आहे, माणसाने कसे वागावे, असे कठीण प्रश्न कीर्तनात मराठीतूनच उलगडले जातात. नांगर धरणारा आणि ग्रंथ वाचणारा तेथे मांडीला मांडी लावून बसतो. दोघेही ऐकतात आणि समजून घेतात.

यावरून चर्चेच्या भाषेचा नियम सहज ठरविता येईल. निरनिराळ्या प्रांतांचे लोक एकत्र जमले असता इंग्रजी खुशाल वापरावी. परंतु ज्यांच्या शेतीचा, आरोग्याचा वा शिक्षणाचा प्रश्न असेल, त्यांना आपल्या भाषेत बोलण्याची मुभा असलीच पाहिजे. आणि जे ठरेल, ते त्यांच्या भाषेत त्यांना सांगितले गेले पाहिजे. हे काम दोन्ही भाषा जाणणाऱ्यांचे आहे. निमगावच्या शाळेत आज इंग्रजीचे धडे गिरविणारी मुले उद्या ते करू शकतील. त्या सभेत पानमळेकऱ्याच्या शेजारी बसून त्याचे म्हणणे शास्त्रज्ञांना इंग्रजीत सांगणारा आणि शास्त्रज्ञांचा उपाय त्याला मराठीत समजावणारा कोणी निघाला, तर पुढचा मळा वाचेल.