रागाआडचे गाऱ्हाणे

बौद्धिक अपंगत्व असलेला मुलगा संतापला, वस्तू फेकू लागला, की घरात एकच उद्गार निघतो, ‘त्याचा स्वभावच तसा.’ पुढचे उपायही ठरलेले असतात: दरडावणे, खोलीत कोंडणे, नाहीतर शांत करणारी गोळी. परंतु मुलगा तिशीचा आणि आईवडील सत्तरीचे झाले, की हे उपाय अपुरे पडू लागतात.

गोळीविषयीचे एक संशोधन पालकांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. २००८ मध्ये पीटर टायरर व सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. आक्रमक वर्तन असलेल्या, बौद्धिक अपंगत्वाच्या ८६ व्यक्तींपैकी काहींना रिस्पेरिडोन, काहींना हॅलोपेरिडॉल, तर उरलेल्यांना औषध नसलेली नकली गोळी दिली गेली. तिन्ही गटांत आक्रमकता घटली. औषधे नकली गोळीहून सरस ठरली नाहीत. अर्थात, चालू असलेले औषध डॉक्टरांना न विचारता थांबवू नये. मात्र केवळ गोळीवर विसंबणेही योग्य नव्हे.

दुसरा मार्ग शिकवणुकीचा आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेमंड नोव्हाको यांनी १९७५ मध्ये राग आवरण्याच्या प्रशिक्षणाची पद्धत मांडली. राग कशाने चेतवला जातो, शरीर कोणती पूर्वसूचना देते, त्या क्षणी काय करावे आणि घटनेकडे निराळ्या दृष्टीने कसे पाहावे, या पायऱ्या तीत येतात. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी तीच सोपी करून शिकवली जाते. रागाची मात्रा चित्रांतून किंवा सिग्नलच्या हिरव्या, पिवळ्या, लाल रंगांतून दाखवतात. दीर्घ श्वास घेणे, तेथून दूर होणे, मदत मागणे यांचा छोट्या नाट्यप्रसंगांतून पुनःपुन्हा सराव करून घेतात.

याची मोठी चाचणी ब्रिटनमध्ये झाली. पॉल विल्नर व सहकाऱ्यांच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ३० दिवस-केंद्रांतील १७९ जण होते. बारा साप्ताहिक सत्रे तज्ज्ञांनी नव्हे, तर त्यांच्या देखरेखीखाली केंद्रांतील कर्मचाऱ्यांनीच घेतली. सहभागींनी स्वतः सांगितलेल्या रागात फारसा फरक पडला नाही. परंतु राग हाताळण्याचे त्यांचे कौशल्य वाढले आणि सांभाळणाऱ्यांनाही सुधारणा जाणवली. चमत्कार घडला नाही. तरीही नित्य सहवासातील माणसे हे शिकवू शकतात, ही गोष्ट पालकांना धीर देणारी आहे.

घरी आरंभ नोंदवहीपासून करावा. संतापापूर्वी काय घडले, नंतर कोणी काय केले, हे महिनाभर तारीखवार लिहावे. अनेकदा कारण सापडते. दाढदुखी, बद्धकोष्ठता, अपुरी झोप, अकस्मात बदललेली दिनचर्या, किंवा त्याच्या देखत त्याच्याविषयी झालेली हेटाळणीची चर्चा. ज्याला दुखणे शब्दांत सांगता येत नाही, तो ते हातापायांनी सांगतो. म्हणून प्रथम वैद्यकीय तपासणी करावी. पुढे ही वही मानसशास्त्रज्ञाला किंवा विशेष शिक्षकाला दाखवावी. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ आरोग्य विम्याचीही पालकांनी चौकशी करावी.

शिकवताना घरातील मोठ्यांचा आवाज चढलेला असेल, तर सारा सराव व्यर्थ जातो. मुलगा चित्रापेक्षा वडिलांकडे पाहून अधिक शिकतो. त्याने रागाच्या भरात ताट न भिरकावता ‘मला नको’ एवढे म्हटले, तर त्या दिवशी त्याचे तोंड भरून कौतुक व्हावे, आणि त्याचे ‘नको’ मानलेही जावे.