सात फूट रुंदीचा शेजार



गेल्या महिन्यात एका भगिनीचं पत्र आलं. पत्र साधंच, पण वाचून बाजूला ठेवलं तरी मनातून जाईना. त्या लिहितात, ‘आमच्या इमारतीत बारा बिऱ्हाडं आहेत. जिन्यात भेटलो की हसतो, आणि दार लावून घेतो. मागच्या पावसाळ्यात मी तापानं आठ दिवस पडून होते, तर समोरच्या घरात ते कळलं नवव्या दिवशी. एखादं महिला मंडळ काढावं म्हणते. पण टिकेल का हो?’

आता या प्रश्नाचं उत्तर मला सुचलं ते थेट विलायतेतल्या एका कालव्यावरून. हसू नका! जरा सावकाशीनं सांगते.

माझी भाची लग्नानंतर तिकडे हर्टफर्डशायरमध्ये राहते. दोघांनी हौसेनं एक जुनी बोट घेतली आहे. 2019 च्या मे महिन्यात मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा ‘मावशी, चार दिवस बोटीवर राहायला चल’ म्हणून ती हट्टालाच पेटली. मला वाटलं, काश्मीरच्या शिकाऱ्यासारखं काहीतरी असेल. प्रत्यक्षात पाहते तो लोखंडी आगगाडीचा डबा पाण्यात सोडल्यासारखं प्रकरण! लांबी 57 फूट आणि रुंदी सात फुटांनाही दोन बोटं कमी. तिकडे या बोटीला नॅरोबोट म्हणतात. अठराव्या शतकात कोळसा आणि माल वाहायला जे कालवे खणले, त्यातल्या कितीतरी कालव्यांची लॉक सातच फूट रुंद बांधली. म्हणून बोटी तशा, आणि आजही तशाच.

आत स्वयंपाकघर, बसायची जागा, न्हाणीघर, निजायची खोली, सगळं एकापुढे एक. एकीनं भाकरी थापायला घेतली की दुसरीला पलीकडे जायची सोय नाही. पण काय टापटीप! प्रत्येक डब्याला त्याची जागा, आणि फडताळाला खटका, कारण बोट हलली की डबे अंगावर. पाण्याची टाकी भरून घ्यायची ती चार-सहा दिवस पुरवायची. भांडी विसळायला घमेल्यात तांब्याभर पाणी. ते पाहून मला आमच्या गावचे एक दिवसाआड पाण्याचे दिवस आठवले. मी विसळलेली भांडी पाहून जावईबापूंनी तोंडात बोट घातलं!

एक गोष्ट मात्र तुम्हीही टिपून ठेवा. गॅसचे सिलिंडर तिथे आत ठेवतच नाहीत. बोटीच्या नाकाशी एक बंद कप्पा असतो, त्यात ठेवतात, आणि त्या कप्प्याला तळाशी भोक असतं. का? तर हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर वर जात नाही, खाली साचतो. आपल्या घरातला गॅसही तोच, बरं का. वास आला की नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही. दिव्याचं बटण, पंखा कशालाही हात न लावता रेग्युलेटर बंद करायचा आणि दार सताड उघडायचं, म्हणजे जमिनीलगतचा गॅस बाहेर पडतो.

पण मला सांगायचं आहे ते शेजाराचं.

हे कालवे एकेकाळी मरणपंथाला लागले होते. आगगाडीनं त्यांचा धंदा पळवला, मग मोटारींनी. 1944 मध्ये रोल्ट नावाच्या लेखकानं आपल्या बोटीतल्या प्रवासावर पुस्तक लिहिलं, आणि त्यातून 1946 मध्ये कालवे वाचवणारी एक संस्था उभी राहिली, इनलँड वॉटरवेज असोसिएशन. मग गावोगावी बोटवाल्यांचे क्लब निघाले. क्लब म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पत्त्यांचे डाव येतात. इथे क्लब म्हणजे कालव्याच्या काठाचा एक तुकडा, बोटी बांधायला धक्का, एक बैठी खोली, आणि वर्षातून ठरलेले दिवस अंगमेहनत! सभासदानं वर्गणी तर द्यायचीच, शिवाय अमुक इतके दिवस कामालाही यायचं. धक्क्याच्या फळ्या बदला, झुडपं छाटा, गाळ काढा, संडासाची टाकी रिकामी करायची जागा धुवा. हो, तेही! बँकेतला साहेब आणि नळदुरुस्तीवाला शेजारी शेजारी उभे राहून ते करताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

मी गेले त्या शनिवारी असाच कामाचा दिवस होता. पाहुणी म्हणून मला खुर्ची दिली, पण बसवेना. मग मी साडीचा पदर खोचला आणि स्वयंपाकघरात शिरले. तीस माणसांचं सूप आणि पाव तयार होत होता. सोबत मी कांदा-मिरचीची थालीपीठं लावली. आधी दोघींनी चाखली, मग रांग लागली. कोणी माझं नाव-गाव विचारायच्या आधी मला सुरी आणि कांदे मिळाले होते, हे मला फार आवडलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही मार्सवर्थकडे निघालो, आणि तिथे माझ्या हातून जे घडलं ते सांगायला अजून लाज वाटते.

लॉक म्हणजे काय, ते आधी सांगते. कालवा टेकडी उतरतो तेव्हा त्याला पायऱ्या कराव्या लागतात. एका लांबट हौदाला दोन्ही टोकांना दारं. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, पुढच्या दाराच्या झडपा हँडलनं उघडायच्या. पाणी उतरतं, बोटही उतरते, मग पुढचं दार उघडून पुढे. एका वेळी दोन लाख लिटरच्या वर पाणी खाली जातं. या कालव्याची लॉक रुंद आहेत, दोन बोटी शेजारी शेजारी मावतात. म्हणून मागून कोणी येत असेल तर थांबायचं आणि लॉक वाटून घ्यायचं. पाणी वाचतं आणि ओळख होते.

धोका एकच. वरच्या दाराच्या खाली दगडी उंबरठा असतो. पाणी भरलेलं असताना दिसत नाही, उतरू लागलं की वर येतो. बोटीचं मागचं टोक त्या उंबरठ्यावर अडकलं तर पुढचा भाग पाण्याबरोबर खाली जातो, मागचा अधांतरी राहतो, आणि पुढून पाणी आत शिरून बोट बुडते, दोन-तीन मिनिटांत. उंबरठा कुठवर आहे ते दाखवायला काठावर पांढरी रेघ मारलेली असते.

भाची सुकाणूवर होती, जावईबापू झडपांशी. मला काम एवढंच की, काठावर उभं राहून बोटीचं शेपूट त्या रेघेच्या पुढे आहे ना, ते पाहायचं. आता कालव्यावर रिकामटेकडं बघत उभं राहणाऱ्यांना तिकडे एक गमतीचं नाव आहे, गाँगूझलर. तशातली एक जोडी माझी साडी पाहून जवळ आली. किती वार, कशी नेसतात, पिना किती लागतात. मी सांगत सुटले. निऱ्या मोजून दाखवल्या! शेजारच्या बोटीची हालचाल झाली, तिनं आमची बोट मागे ढकलली, आणि मला पत्ताच नाही.

तेवढ्यात मागून एक खणखणीत आवाज आला. सत्तरीच्या एक बाई हातातलं हँडल सावरत धावत आल्या. काल सूप ढवळत होत्या त्याच. जावईबापूंना ओरडून त्यांनी पुढच्या झडपा बंद करायला लावल्या, स्वतः पलीकडच्या टाकल्या, आणि मग मागच्या झडपा हळूहळू उघडून पुन्हा पाणी भरून घेतलं. बोट थोडी तिरकी झाली होती, ती सरळ झाली. आतल्या दोन बशा फुटल्या, बाकी काही नाही. भाचीचा चेहरा पांढराफटक.

मला रडूच कोसळलं. बाईंनी मला ओरडावं अशी माझी अपेक्षा होती. त्या म्हणाल्या, ‘आधी चहा.’ चहा झाल्यावर मात्र माझ्याकडून तीनदा म्हणून घेतलं की, लॉकमध्ये गप्पा मारायच्या नाहीत. मग त्यांनी पुढच्या लॉकवर मला पुन्हा त्याच जागी उभं केलं. पळ काढायची सोय ठेवली नाही.

संध्याकाळी त्यांच्या बोटीवर गेलो. यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. बोट विकायची असं ठरवून त्यांनी पाटीसुद्धा लावली होती. इतकी लांब बोट एकटीनं लॉकमधून नेणं अवघडच. क्लबात कोणी समजूत घातली नाही, सांत्वनाची सभा भरवली नाही. भिंतीवर एक तक्ता लागला. पहिल्या उन्हाळ्यात दर आठवड्याला एक जोडपं त्यांच्याबरोबर. तक्त्यात माझ्या भाचीचीही दोन नावं होती. बाई म्हणाल्या, ‘मला नाही म्हणायला कोणी विचारलंच नव्हतं.’ दुसऱ्या वर्षी त्यांनी पाटी काढली.

त्यांच्या बोटीवर गुलाबाची फुलं आणि किल्ले रंगवलेले होते, ही तिकडची जुनी रीत. पूर्वी मालवाहू बोटींवर अख्खी कुटुंबं राहत. मागच्या टोकाला आठ-दहा फुटांची खोली, त्यात नवराबायको आणि पोरं. बायका बाळंतपणंसुद्धा त्यातच काढत. मुलांना शाळा नाही. तरी खोलीत विणलेल्या जाळ्या, कड्यांना नक्षी असलेल्या बशा टांगलेल्या, पितळ लखलखीत. स्टोक ब्रुअर्न गावात मेरी वॉर्ड नावाच्या परिचारिका बोटवाल्या बायाबापड्यांची शुश्रूषा करीत. 1951 मध्ये त्यांना ब्रिटिश एम्पायर मेडल मिळालं. दुसऱ्या महायुद्धात पुरुष कमी पडले, तेव्हा शहरातल्या सुशिक्षित मुली शिकून घेऊन लंडनहून बर्मिंगहॅमकडे मालाच्या बोटी नेत आणि येताना कोळसा आणत. त्यांच्या बिल्ल्यावर आय. डब्ल्यू. अशी अक्षरं होती, त्यावरून लोक त्यांना थट्टेनं ‘आळशी बायका’ म्हणत. कोळसा उपसणाऱ्यांना आळशी म्हणायचं! थट्टा करणारे सगळीकडचे सारखेच. पुढे 1962-63 च्या कडक हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठून राहिले आणि उरलासुरला माल वाहण्याचा धंदाही जवळजवळ संपला.

सगळंच गोड आहे असं समजू नका हं. भांडणं आहेत. रात्री आठनंतर कोणी इंजिन चालू ठेवलं की कुरबूर. वेगमर्यादा ताशी चारच मैल, तरी बांधलेल्या बोटींजवळून कोणी जोरात गेलं की दोर ताणून खुंट्या उपटतात, मग शब्दाला शब्द. ज्यांची बोट बांधायला ठरलेली जागा नाही, त्यांना एका ठिकाणी चौदा दिवसांहून जास्त थांबता येत नाही. 2024 पासून त्यांना परवान्यासाठी जास्त पैसे मोजावे लागतात, त्यावरून तर दोन तट पडलेत. क्लबात तरुण माणसं कमी, हीही त्यांची काळजी. आणि आपल्या लोकांबद्दल एक ऐकलं. साउथॉलकडच्या पट्ट्यात पाण्यावर पूजेचे नारळ तरंगताना दिसतात म्हणे. पंख्यात कपडा किंवा प्लॅस्टिक अडकलं की मागचं झाकण काढून गार पाण्यात कोपरापर्यंत हात घालून ते सोडवावं लागतं. भाचीनं ते केलेलं मी पाहिलं, तेव्हापासून निर्माल्य पाण्यात सोडायला माझा हात पुढे होत नाही. मी ते कुंडीत घालते.

तर आता पत्र लिहिणाऱ्या भगिनीला. मंडळ काढा, पण चहापाण्यानं सुरुवात करू नका. चहाला ज्या येतात त्या आधीपासूनच एकमेकींकडे जाणाऱ्या असतात, बाकीच्या दाराआडच राहतात. हळदीकुंकूही नको, त्यात कोणाला बोलवायचं आणि कोणाला नाही, यावरूनच रुसवे. एखादं काम काढा, बारा घरांचं मिळून. गच्चीवरची पाण्याची टाकी धुणं, हे मला सगळ्यांत बरं वाटतं. एक रविवार ठरवा, जिन्यात कागद लावा, आणि ‘कोण येणार?’ असं विचारू नका. कोणी काय आणायचं तेच लिहा : एकीकडे बादल्या, एकीकडे खराटे, एकीकडे कांदेपोहे. पुरुषमंडळींची नावंही घाला. टाकीत उतरणारा माणूस एकटा नको, वर एकानं उभं राहायलाच हवं, आणि त्यानं, माझ्यासारखं, निऱ्या मोजत बसायचं नाही. बंद टाकी असेल तर झाकण आधी बराच वेळ उघडं ठेवून हवा खेळू द्या. आणि त्याच कागदाच्या खाली दुसरा तक्ता : कोणी आजारी पडलं तर पहिल्या दिवशी डबा कोणाचा, दुसऱ्या दिवशी कोणाचा.

पहिल्या वेळी चौघीच येतील. येऊ द्यात. आणि टाकी शेवटची केव्हा धुतली होती, ते मला उलट टपाली कळवा बघू!