तोंडातले काळे डाग

गेल्या पंधरवड्यात एक गृहस्थ दवाखान्यात आले. एचआयव्हीची गोळी रोज रात्री न चुकता घेणारे. आरशात हिरड्यांवर व गालाच्या आतून काळे डाग दिसले आणि 'गोळी बाधली' म्हणून आठ दिवस ती बंद! मला डागांपेक्षा ही धास्तीच घातक वाटते.

काळसर हिरड्या आपल्याकडे पुष्कळांना मुळातच असतात. मशेरी, तंबाखू, विडी यांनीही काळेपणा येतो. (मशेरी सोडा म्हणून मी कंठशोष करतो, ऐकतो कोण!) एचआयव्ही बाधितांत सीडी-४ पेशी फार घटल्या की असे डाग अधिक आढळतात, हे खरे. पूर्वी सर्रास दिल्या जाणाऱ्या झिडोव्हुडिननेही नखे व तोंड काळवंडत असे. पण नुसत्या डागांवरून प्रतिकारशक्ती कळत नाही. त्यासाठी सीडी-४ व व्हायरल लोड तपासावे लागतात, आणि शासकीय एआरटी केंद्रामार्फत ते मोफत होते.

मला खरी काळजी वाटते ती पांढऱ्या थराची. जिभेवर, टाळूवर दह्यासारखा थर, पुसला तर निघणारा, ही बुरशी. प्रतिकारशक्ती ढासळल्याची ती खूण असू शकते. डागांबरोबर अंगही काळवंडले, वजन घटले, उभे राहताच चक्कर आली, तर अॅड्रिनल ग्रंथी तपासावी लागते. आम्ही डॉक्टर मंडळी मात्र बॅटरी घेऊन तोंडात डोकावायचा कंटाळा करतो.

त्या गृहस्थांना गोळी त्याच रात्री सुरू करायला लावली, केंद्राच्या नावे चिठ्ठी दिली. खिशातली तंबाखूची पुडी तेवढी ठेवून घेतली.