तुमच्या हॉलात आतला आवाज येत नाही

आतला आवाज मिळवून देणाऱ्यांनी आता आमच्या संभाजीनगरातही दुकान थाटलं आहे. पत्रक गुलाबी, भाषा अर्धी इंग्रजी, फी हजारांत. सकाळी दहाला वातानुकूलित हॉलमध्ये बायकांनी गोल करून बसायचं. डोळे मिटायचे. मंद संगीतावर मान, खांदे, कंबर सैल सोडून संथ नाचायचं. याला म्हणायचं सेन्शुअल मूव्हमेंट. मग प्रत्येकीच्या हातात एक देखणी वही ठेवायची आणि सांगायचं, तुमच्या देहाला काय म्हणायचंय ते लिहा. दुपारी तेच गोलात मोठ्यानं वाचायचं, मिठ्या मारायच्या, फोटो काढायचे, घरी जायचं. झालं! उपनिषदांपासून माणसं ज्याच्यामागे जन्म घालवत आली, ते अंतर्यामीचं मार्गदर्शन दुपारच्या चहापर्यंत हाती.

माझी तक्रार नाचाबद्दल नाही. लिहिण्याबद्दल तर नाहीच नाही. बायकांनी नाचावं, घाम निघेपर्यंत नाचावं, कंबर हलवावी आणि त्यासाठी कुणाच्या बापाची परवानगी घेऊ नये. मनातलं लिहावं आणि ती वही कुलूपबंद ठेवावी. मी चिडते ती या दोन्ही गोष्टींतला रस पिळून फेकून उरलेला चोथा भारी भावानं विकणाऱ्यांवर. कारण नाचण्यात आणि लिहिण्यात धोका आहे. तो धोकाच यांनी पत्रकातून वगळला आहे.

पत्रकावरचं चित्रच बघा. माझ्या मोबाइलवर आलेल्या एका पत्रकावर अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातली नर्तकी होती आणि खाली लिहिलं होतं, देहाचं ऐका. छापणाऱ्यांनी एकदा तरी विचारलं का, ही बाई कुठल्या गोष्टीत नाचते आहे? ते महाजनक जातक आहे. मिथिलेच्या राजाचं मन राज्यातून उठलं आहे. राणी सीवली त्याला थांबवू पाहते आहे. राजवाड्यात वाद्यांच्या साथीनं अप्रतिम नाच रंगला आहे आणि राजाचं लक्ष त्यात नाही. त्याला आतून जे ऐकू येतंय ते नाचाच्या नेमकं उलट ओढतंय. तो जातो. देह आणि आतला आवाज यांचं भांडण ज्या भिंतीवर रंगवलंय, तीच भिंत यांनी दोघांचं लग्न लावायला वापरली! चित्रकाराची ताकद अशी की त्यानं नर्तकीला कुरूप केलं नाही, राजालाही मूर्ख केलं नाही. सोडून जावं असं काहीच तिच्यात नाही, आणि तरी तो सोडून जातो. दीड हजार वर्षांनंतरही ते चित्र छळतं ते यामुळे. आमच्या शिबिरवाल्यांना त्यातली फक्त कमरेची वळणं दिसली.

नाचाला पवित्र म्हणायचंच असेल तर अजिंठ्यापर्यंत जायचीही गरज नाही. बीबी का मकबऱ्याच्या मागे डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत. सातव्या लेण्याच्या गाभाऱ्यात, बुद्धाच्या सान्निध्यात, भिंतीवर एक बाई नाचते आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना सहाजणी वाद्यं वाजवताहेत. नाचणारी बाई, वाजवणाऱ्याही बायका, आणि जागा थेट गाभारा. ज्यानं हे कोरलं त्याला बाईच्या अंगाची लाज वाटत नव्हती. पण तिच्याकडे नीट बघा. ते अंग सैल सोडलेलं नाही. वाकलेलं आहे आणि तोललेलं आहे. असा तोल दुपारच्या चहापर्यंत येत नाही.

इथून जवळच देवगिरी. तेराव्या शतकात यादवांच्या दरबारात शार्ङ्गदेव हिशेबाचं काम बघायचा. त्यानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. सात अध्याय, त्यातला सातवा नर्तनाचा. मान कशी वळते, नजर कशी फिरते, भुवई, हात, पाऊल, एकेका अवयवाची नावनिशीवार नोंद. आमच्या शहरातल्या ‘महागामी’त आजही कथक आणि ओडिसी शिकवतात आणि शार्ङ्गदेवाच्या नावानं समारोह होतो. कथकातला पायांचा तत्कार पक्का व्हायला वर्षं जातात, पोटऱ्या भरून येतात, गुरू तीच चूक शंभरदा दाखवतात. त्या मेहनतीत अंगाला जे कळतं, त्याला मी देहाचं ज्ञान म्हणेन. डोळे मिटून अर्धा तास डोललं की आपोआप बरं वाटतं. तेवढ्या बरं वाटण्याला ज्ञान म्हणणं हा शुद्ध भामटेपणा आहे.

यातली युक्तीही यांची स्वतःची नव्हे. पुण्यात कोरेगाव पार्कात 1974 साली रजनीशांचा आश्रम सुरू झाला. त्यांच्या नटराज ध्यानाचं वेळापत्रकच ठरलेलं: चाळीस मिनिटं नाच, वीस मिनिटं निपचित पडणं, पुन्हा पाच मिनिटं नाच. रजनीशांशी माझी भांडणं पुष्कळ आहेत, पण त्या माणसानं निदान लग्नसंस्थेपासून धर्मसंस्थेपर्यंत सगळ्यांशी वैर घेतलं. आमच्या हॉलातल्या मंडळींनी नाच उचलला आणि वैर तेवढं मागे ठेवलं.

आणि शास्त्र नको, आश्रमही नको म्हणत असाल, तर मराठवाड्यातल्या खेड्यात चला. नवरात्रात संबळ कडाडला की एखादी बाई घुमायला लागते. केस मोकळे, डोळे तारवटलेले, सगळं अंग हिंदकळतंय. एरवी सासूपुढे वर मान न करणारी ती आता सासूलाच एकेरीत फैलावर घेते. तिला साडी हवी असते, माहेरी जायचं असतं, कुणाचा तरी अन्याय चव्हाट्यावर मांडायचा असतो. आणि अख्खं घर हात जोडून ऐकतं! अंधश्रद्धा निर्मूलनवाले वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की इथे देवी बोलत नाही, दाबून ठेवलेली बाई बोलते. मला ते शंभर टक्के पटतं. 2013 साली या चळवळीतल्या नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला आणि संचार झाल्याचं भासवून लोकांना भीती घालणं, फसवणं गुन्हा ठरला. योग्यच झालं.

मग मला सांगा, खेड्यात घुमते ती अडाणी, आणि हजारो रुपये भरून हॉलात घुमते ती जागृत, हे कुणी ठरवलं? खेड्यातली देवी निदान सासूला सुनावते. हॉलातली देवी कुणालाच काही सुनावत नाही. ती सांगते, स्वतःवर प्रेम कर. ती सांगते, तू पुरेशी आहेस. संध्याकाळी सहाला घरी पोचून कुकर लावायच्या आड येईल असं एक अक्षर ती बोलत नाही. ज्या आवाजानं कधीच कुणाची गैरसोय केली नाही, तो आतून आला हे कशावरून? तो पत्रकातून आलेला असतो.

लिहिण्याबद्दल यांनी आमच्या जिल्ह्यात बोलूच नये. इथे संत बहिणाबाई होऊन गेल्या. (खानदेशच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या. दोघींची सरमिसळ करणाऱ्यांनी आधी दोघी वाचाव्यात.) जन्म 1628 सालचा, वेरूळजवळच्या देवगावचा. समाधी वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला. लहानपणीच वयानं कितीतरी मोठ्या बिजवराशी लग्न लागलं. घरावर संकट आलं, गाव सुटलं, वणवण करत सगळे कोल्हापूरला पोचले. तिथे जयरामस्वामींचं कीर्तन कानी पडलं आणि एका वासराचा लळा लागला. पोरगी वासराला घेऊन कीर्तनाला जाते, स्वामी तिच्या डोक्यावर हात ठेवतात, गावात चर्चा होते. नवऱ्याचं डोकं फिरलं. त्यानं तिला बांधून मारलं. वासरू मेलं. ती दिवसच्या दिवस बेशुद्ध पडून राहिली आणि त्या अवस्थेत तिला तुकाराम दिसले, ज्यांना तिनं कधी पाहिलंही नव्हतं. त्यांनी तिला मंत्र दिला. ब्राह्मणाच्या बायकोचा गुरू देहूचा कुणबी वाणी! नवरा गरोदर बायकोला टाकून जायला निघाला. पुढे तो आजारी पडला, वरमला, आणि दोघं देहूला गेली. तिथेही तुकारामांवर खार खाणाऱ्या मंबाजीनं छळ मांडलाच.

हे सगळं तिनं स्वतः अभंगांत सांगितलं आहे. सतराव्या शतकात. मराठी बाईनं आपलं आयुष्य आपल्या तोंडानं सांगितल्याचा इतका जुना, इतका तपशीलवार दाखला मिळणं कठीण.

आणि तिचा आतला आवाज सोयीचा नाही, तिलाही नाही आणि मलाही नाही. तो तिला जात मोडून तुकारामांकडे नेतो. बाईचा जन्म म्हणून वेदांची दारं बंद, ही जळजळीत तक्रार तोच तिच्याकडून लिहवून घेतो. आणि तोच पुढे तिला सांगतो की नवऱ्याला सोडू नकोस, त्याची सेवा हाच धर्म. पतिव्रताधर्मावरचे तिचे अभंग वाचताना माझ्या अंगाची आग होते. पण तिनं मार लिहिला, निष्ठा लिहिली, संताप लिहिला, शरणागतीही लिहिली. एकाला लपवून दुसरं सजवलं नाही. देहाचं ऐका असं तुम्ही कुणाला शिकवताय? तिच्या देहावर वळ होते आणि तिनं ते अभंगात आणले.

अलीकडचं हवं असेल तर फलटणच्या बेबीताई कांबळे घ्या. दुकान सांभाळता सांभाळता लिहीत राहिल्या आणि ते लिखाण वर्षानुवर्षं नवऱ्यापासून लपवून ठेवलं. त्यातूनच ‘जिणं आमुचं’ आलं. लपवावं लागलं, कारण त्यात खरं होतं. गोलात उभं राहून वाचायला लावण्याची युक्ती यांना कुठून सुचली? रोज सकाळी तीन पानं हातानं लिहायची पद्धत जगभर पोचवली ती ज्युलिया कॅमेरॉन यांच्या 1992 सालच्या ‘द आर्टिस्ट्स वे’ या पुस्तकानं. त्यातला नियम असा की ती पानं कुणालाही दाखवायची नाहीत, पहिले आठ आठवडे स्वतःही वाचायची नाहीत. यांनी पानं घेतली आणि नियम फेकून दिला, कारण कुलपातल्या वहीचा फोटो काढता येत नाही.

लिहिण्याचा उपयोग होतो का? होतो. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी 1986 साली छापलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनावरच्या आघाताबद्दल लिहिलं. लिहून उठताना त्यांना जास्तच वाईट वाटत होतं. पुढच्या महिन्यांत मात्र दवाखान्याच्या खेपा कमी झाल्या. 2006 साली फ्रॅटारोली यांनी असे 146 अभ्यास एकत्र केले, तेव्हा फायदा खरा निघाला, पण लहान. म्हणजे एक साधी वही, चार वेळा पाव तास, त्या दिवशी रडू आणि पुढे थोडासा आराम. यात हजारोंची फी कुठे बसते? आणि सगळ्यात वाईट वाटण्याच्या नेमक्या त्या घटकेला बाईला टाळ्या वाजवून घरी पाठवणं कुठल्या शास्त्रात बसतं?

संस्कृतिरक्षकांना आता आनंदाचं भरतं आलं असेल. त्यांनी माझ्या बाजूला येऊन उभं राहू नये. पोरीच्या नाचावर डोळे वटारणारे आणि तिची वही चोरून वाचणारे तेच आहेत. घरात श्वास घ्यायला जागा असती तर बायकांना हॉल भाड्यानं घ्यावा लागला नसता. तिथे जाणाऱ्या एकाही बाईला मी हसत नाही. त्या खरं दुःख घेऊन जातात आणि खोटं औषध घेऊन परततात.

मी एका संयोजिकेला विचारलं, एखादीनं वाचता वाचता ‘तो मला मारतो’ असं म्हटलं तर तुम्ही काय करता? ती म्हणाली, आम्ही फक्त स्पेस होल्ड करतो. बाई मार खाऊन आली आहे, अंगाला विचारून, धीर एकवटून तिनं ते वाक्य कागदावर उतरवलं आहे, आणि ही स्पेस होल्ड करते! कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा 2005 सालचा आहे. संरक्षण अधिकारी आहेत. 181 हा महिलांचा मदतक्रमांक आहे. तो त्या देखण्या वहीच्या पहिल्या पानावर छापा, पत्रकातल्या फीच्या आकड्याइतक्या ठळक टायपात. नवरा वही उघडून तो आकडा बघेल आणि पुढच्या शिबिराला तिला पाठवणार नाही, म्हणून छापत नसाल, तर तुमचं गिऱ्हाईक ती बाई नाही. तिची फी भरणारा तो आहे, आणि हे तिला शिबिराच्या सुरुवातीलाच, मंद दिवे लावायच्या आधी सांगा.