दवाखान्यात मनाच्या दुखण्यालाही जागा हवी



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण आणि खोडव्याविषयी लिहितो. या खेपेला माणसांविषयी लिहीत आहोत. शेतकी खात्याने दवाखान्याच्या कारभारात नाक का खुपसावे, असे कुणी म्हणेल. म्हणू द्या.

मागे एका हंगामात आमच्या एका गटातला चिटबॉय हजेरी लावून दिवसभर कॅनॉलच्या कडेला बसून राहू लागला. नोंदी चुकू लागल्या, सभासदांच्या तक्रारी आल्या. आम्ही त्याला कामचुकार ठरवले, दारूचा संशय घेतला आणि मेमो दिला. आठ दिवसांनी त्याची बायको ऑफिसात आली. म्हणाली, "साहेब, दीड महिना झाला, ह्यांना झोप नाही. रात्री उठून विहिरीकडं जातात. मी मागनं जाते." मेमोवर सही आमचीच होती. त्या बाईसमोर आम्हाला तोंड वर करवेना.

चिटबॉयचे काम काय असते ते आपण जाणताच. रात्री अकराला सभासदाचा फोन, माझी तोड कधी? पहाटे चारला मुकादमाचा, गाडी आली नाही. वरून आमचा, गव्हाणीला ऊस कमी पडतोय. कुणाच्या उसाला तुरा आलेला, कुणाच्या घरात लग्न. ज्याला त्याला आपली तोड आधी हवी. लागणीची तारीख दाखवली की शिवी मिळते. खरे बोलायचे तर ती शिवी आपल्यापैकीच कुणाची तरी असते. आत कारखान्यात तऱ्हा वेगळी, पण पाळी बदलली की झोप मोडते ती मोडतेच.

१९४८ च्या कारखाने कायद्याने दर १५० कामगारांमागे प्रथमोपचाराची पेटी आणि ५०० च्या वर कामगार असल्यास उपचाराची खोली घालून दिली. आपल्याकडे दोन्ही आहेत. बोट चेंगरले, वाफेने भाजले, तर सोय होते. पण झोप उडालेला माणूस तिथे जाऊन अंगदुखीची गोळी घेऊन परत येतो. मन थाऱ्यावर नाही, हे चारचौघांत सांगायचे कसे? गावात एकदा 'डोक्यानं गेलाय' असे नाव पडले की पोरीची सोयरीकसुद्धा अडते.

२००२ साली लोकरी मावा आला तेव्हा फडाफडातून पाने उलटून पाहत हिंडलो. त्या चिटबॉयला मात्र रोज पाहत होतो, आणि एका शब्दाने विचारले नाही.

पुढे त्याला जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांना दाखवले. काही महिने गोळ्या चालल्या. मेमो मागे घेतला. आज तो बेणे मळ्यावर आहे, आणि आमच्यापेक्षा नीट काम करतो.

आमचे म्हणणे एवढेच, की आठवड्यातून एक दिवस असा डॉक्टर आपल्या दवाखान्यात बसावा. वेगळी पाटी नको, वेगळी रांग नको. केसपेपर ऑफिसात येता कामा नये; २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गुप्ततेचा हक्क रुग्णाला दिलाच आहे. चिटबॉयला आठवड्यातून एक रात्र फोन बंद ठेवायची मुभा असावी, तेवढा वेळ शेजारच्या गटाचा माणूस सांभाळील. तोडणी मजुरांच्या कोप्यांवरही डॉक्टरांची फेरी व्हावी. उचल फिटेना, पोरं गावाकडं म्हाताऱ्यांपाशी, अशा अवस्थेत ते कोयता चालवतात.

दराचे पैसे यात घालवता का, असे विचारले जाईल. हा पैसा सभासदांचा आहे, म्हणूनच आपल्याला विचारतो आहोत. संचालक मंडळाला आम्ही लेखी दिले आहे. वार्षिक सभेत विषय निघेल तेव्हा मोकळेपणी बोलावे, विरोध असला तरी बोलावे.

डॉक्टर यायचे तेव्हा येतील. तोवर सरकारची टेलि-मानस सेवा आहे, २०२२ पासून. नंबर १४४१६. फोन फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येते. सभासदांच्या घरीही तो लागू शकतो. काट्याच्या भिंतीवर आम्ही तो रंगवून घेत आहोत.

आणि तोडीची चौकशी रात्री नऊनंतर फोनवर करू नये. गट ऑफिस सकाळी सातला उघडते.