छंदाचा कॅमेरा आणि दुकानाचे भांडवल

हिवाळ्यात भिगवणला, उजनी धरणाच्या फुगवट्यावर, फ्लेमिंगो पाहायला गर्दी होते. होडीत बसलेल्यांच्या गळ्यात हातभर लांबीच्या लेन्स दिसतात. त्या पाहून एखादा दुकानदार किंवा कारागीर मनाशी ठरवतो की, कॅमेरा घ्यायचा तर असाच. मग गल्ल्यातला पैसा निघतो, नाहीतर व्याजाचे हप्ते सुरू होतात. आमच्या मते हा सौदा तोट्याचा आहे.

दूरचा पक्षी टिपायला लांब पल्ल्याची लेन्स हवी, हे खरे. परंतु ६०० मिलिमीटरपर्यंत पोचणाऱ्या लेन्सलाच लाख रुपयांच्या पुढे-मागे मोजावे लागतात, कॅमेरा वेगळाच. सुपरझूम कॅमेऱ्यात लेन्स अंगचीच असते. २०१५ साली आलेल्या निकॉन पी-९०० चा झूम ८३ पट, म्हणजे फुल फ्रेमच्या हिशेबाने २४ ते २००० मिलिमीटर आहे. २०१८ च्या कॅनन एसएक्स-७० चा ६५ पट, तर २०२५ च्या निकॉन पी-११०० चा १२५ पट. चंद्रावरचे खड्डेही यात स्वच्छ दिसतात.

मात्र स्वस्ताईचे कारण जाणून घ्यावे. या कॅमेऱ्यांचा सेन्सर साधारण ६ बाय साडेचार मिलिमीटरचा; फुल फ्रेमचा ३६ बाय २४, म्हणजे क्षेत्रफळाने सुमारे तीसपट मोठा. सेन्सर लहान म्हणून लेन्स आटोपशीर राहते, पण प्रकाशही कमी मिळतो. सकाळच्या उन्हात फोटो उत्तम येतो, अंधार पडू लागला की दाणेदार होतो. उडता पक्षी पकडतानाही हा कॅमेरा मागे पडतो. म्हणून लग्नाची कामे घेणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये. हौशी माणसाला मात्र तो पुरेसा आहे.

घेताना ऑप्टिकल झूमचा आकडा तेवढाच धरावा. डिजिटल झूम म्हणजे फोटोचा मधला तुकडा मोठा करणे. जुना कॅमेरा असेल तर झूम पूर्ण पुढे-मागे करून पाहावा, लेन्समध्ये धूळ किंवा बुरशी आहे का ते तपासावे. ही लेन्स बदलता येत नाही. ती बिघडली की अख्खा कॅमेरा पडून राहतो.

कॅमेरे विकणाऱ्या बांधवांनाही एक विनंती. गिऱ्हाइकाला आधी विचारा, छंदासाठी हवा की धंद्यासाठी? त्या विक्रीत नफा थोडा कमी पडेल. पण ज्याला खरे सांगितले, तो पुन्हा तुमचीच पायरी चढेल. छंद जरूर जोपासावा, त्यापायी रोजीरोटीचे भांडवल अडकवू नये.