एक वार चुकला तर काय उरते?

जून २०२४ मध्ये ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०२२ साली भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. स्त्रियांत हे प्रमाण सुमारे ५७ टक्के, तर पुरुषांत सुमारे ४२ टक्के होते. त्याआधी वर्षभर आयसीएमआर-इंडियाब पाहणीने देशातील मधुमेहींची संख्या १०.१ कोटींच्या घरात असल्याचे सांगितले होते. रक्तातील साखर शोषून घेणारी शरीरातील सर्वांत मोठी ऊती म्हणजे स्नायू. त्यामुळे स्नायू राखणे हा केवळ देखणेपणाचा विषय राहिलेला नाही.

जी तरुण मुले-मुली जिमची पायरी चढतात, त्यांच्या हाती मात्र पहिल्याच दिवशी एक ठरावीक वेळापत्रक पडते : सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी पाय, गुरुवारी खांदे, शुक्रवारी दंड. ही वाटणी योग्य, की दर खेपेस सर्व शरीराचा व्यायाम योग्य, यावर समाजमाध्यमांत अहमहमिकेने वाद चालतात. या वादात एक साधा प्रश्न मागे पडतो, असे माझे मत आहे.

आधी पुरावा पाहू. ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली १० अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. प्रत्येक स्नायुगटाला आठवड्यातून एकदा व्यायाम देण्यापेक्षा दोनदा दिल्यास स्नायूंची वाढ अधिक होते, असा निष्कर्ष त्यातून निघाला. त्याच संशोधकाच्या गटाने २०१९ साली २५ अभ्यास तपासले, तेव्हा चित्र बदलले. आठवड्यातील एकूण सेट समान ठेवले, तर व्यायाम किती दिवसांत विभागला याने वाढीत लक्षणीय फरक पडत नाही, असे आढळले. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे ओळखीचे वाटेल. दोन चल राशी एकत्र बदलत असतील, तर एकीला स्थिर धरल्याशिवाय दुसरीचा परिणाम सांगता येत नाही. अधिक वेळा व्यायाम करणारा माणूस बहुधा एकूण व्यायामही अधिक करतो. श्रेय त्या एकूण प्रमाणाचे असते.

मग कोणतीही वाटणी चालेल काय? कागदावर चालेल. परंतु कागदावरील आठवड्यात परीक्षा नसते, ताप नसतो, गावाकडचे लग्न नसते. प्रत्यक्षातील आठवड्यात एखादा दिवस चुकतोच, आणि तेथेच दोन वेळापत्रकांतील फरक दिसू लागतो.

समजा, प्रत्येक स्नायुगटाला आठवड्याला १२ सेट द्यायचे आहेत. पाच दिवसांच्या वाटणीत बुधवार चुकला, तर पायांच्या वाट्याला त्या आठवड्यात शून्य येते आणि दोन व्यायामांत १४ दिवसांचे अंतर पडते. तीन दिवस सर्व शरीराचा व्यायाम करणाऱ्याचा एक दिवस चुकला, तर प्रत्येक स्नायुगटाला १२ ऐवजी ८ सेट मिळतात. यावर आक्षेप येईल की पहिल्याचे एकपंचमांश नुकसान झाले, दुसऱ्याचे एकतृतीयांश. आक्षेप खरा आहे, पण सगळे सेट सारख्या मोलाचे नसतात. शोनफेल्ड यांच्याच २०१७ च्या विश्लेषणात आठवड्याला पाचांहून कमी सेट करणाऱ्यांच्या स्नायूंत सरासरी ५.४ टक्के, तर दहा वा अधिक सेट करणाऱ्यांत ९.८ टक्के वाढ दिसली. म्हणजे निम्म्याहून अधिक लाभ पहिल्या काही सेटमध्येच पदरात पडतो. वरचे चार सेट गमावणे स्वस्त असते, सगळे बारा गमावणे महाग. शिवाय तीन दिवसांच्या आखणीत चार वार मोकळे असतात, त्यामुळे चुकलेला दिवस भरून काढायला जागा राहते.

या अभ्यासांच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. बहुतेक अभ्यास थोड्या व्यक्तींवर, काही आठवड्यांपुरते झाले आहेत आणि त्यांत तरुण पुरुषांचा भरणा अधिक आहे. ‘फरक आढळला नाही’ याचा अर्थ ‘फरक नाहीच’ असा होत नाही. तरीही, जो फरक शोधायला २५ अभ्यास एकत्र करूनही हाती लागत नाही, तो नवशिक्याने आपल्या आठवड्याची रचना ठरवण्याइतका मोठा नसावा. आपल्याकडील स्त्रिया आणि साठीपुढील व्यक्ती यांच्यावर असे अभ्यास व्हायला हवेत, कारण गरज त्यांना अधिक आहे.

अनुभवी व्यायामपटूंचा प्रश्न निराळा. एकेका स्नायुगटासाठी वीस-वीस सेट करायचे, तर ते सर्व दोन-तीन दिवसांत मावत नाहीत, आणि अधिक दिवसांत वाटणी अपरिहार्य ठरते. त्यांच्या अडचणीवरचा तो तोडगा नवशिक्यांसाठी नियम झाला, इतकेच. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायुगटांचा व्यायाम करण्यास सांगते. ती शब्दशः वाचली, तर एका वाराला एक स्नायू ही वाटणी त्यात बसत नाही. आपल्या आखाड्यातील दंड-बैठकांत छाती, हात आणि पाय एकाच बैठकीत येत होते, हेही विसरू नये.

म्हणून वाटणी निवडताना आधी दिवस मोजावेत, आणि तेही परीक्षेच्या महिन्यातले. खात्रीने दोन-तीन दिवस मिळत असतील, तर दर वेळी सर्व शरीर. चार मिळत असतील, तर दोन दिवस वरचा भाग आणि दोन दिवस खालचा. पाच वा अधिक दिवस वर्षभर निभावता येत असतील, तर आवडेल तशी वाटणी. कोणी नवे वेळापत्रक सुचवले, तर त्यातील कोणताही एक वार खोडून पाहावा. उरलेल्या आठवड्यात एखादा स्नायुगट पूर्ण उपाशी राहत असेल, तर ते वेळापत्रक तुमच्यासाठी आखलेले नाही.